पुण्याचा फॉर्म भरण्याआधी

भाचा बारावीला आहे आणि त्याच्या डोक्यात पुणं बसलंय. परवा बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी सगळे जमलो होतो, तेव्हा ताई म्हणाली, "पुणं काय परकं आहे का? आपलीच तर माणसं." मी बारावी झाले तेव्हा आईही अगदी हेच म्हणाली होती. म्हणून हे लिहायला बसले.

घरात मराठी बोलतो, दारी गणपती बसतो, पण कागदावर आपण गुजरातचे. दहावी-बारावी इथली, डोमिसाइल इथलं. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आपण बाहेरच्या राज्यातले, आणि बाहेरच्यांसाठी जागा मोजक्या. गुजरातचा जातीचा दाखलाही तिथल्या राखीव जागांना चालत नाही. मला हे कळलं ते थेट पुण्यात, प्रवेशाच्या खिडकीपाशी. बाबांनी हातातली फाइल तीनदा उघडली, दाखला काढला, पुन्हा आत ठेवला. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "एफडी मोडू." तो आवाज अजून कानात आहे. तो हिशेब आधी झाला असता, तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती.

दुसरी गोष्ट खोलीची. कॉलेजचं माहितीपत्रक आम्ही पाठ केलं होतं, पण मी राहणार कुठे, हे जून उजाडेपर्यंत कोणीच विचारलं नाही. घाईत एका खाजगी होस्टेलचं डिपॉझिट भरलं. पावसात भिंतीला हात लावला की बोटं ओली व्हायची, कपाटातले कपडे कुबट. ऑक्टोबरात सोडलं, डिपॉझिट गेलं. पावती होती, पण तिच्यावर डिपॉझिट परत देण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कॉलेजच्या फीचं निदान ठरलेलं आहे: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं, तर किरकोळ कपात सोडून सगळी फी परत मिळते, ती तारीख उलटून ३० दिवस झाले की काहीच नाही. मूळ मार्कशीट अडकवून ठेवायलाही मनाई आहे. होस्टेलवाल्याला यातलं काही लागू नाही. त्याच्याकडून सगळं लिहूनच घ्यायचं.

खोलीचा विषय निघाला की मला इथली कमाटीबाग आठवते. बडोदा संस्थानाने १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला शिकायला महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली, परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची या अटीवर. तेवढं शिकून १९१७ साली ते इथे नोकरीला आले, तर या गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही हाकललं, आणि ते बागेत झाडाखाली बसून रडले. त्या अपमानाशी माझ्या ओल्या भिंतीची तुलना करणं पाप होईल. पण आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक आजही भेटतात, आणि अठरा वर्षांच्या पोराला त्यांच्यासमोर एकट्याने उभं राहावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

खर्चही वर्षाचा धरावा. महिन्याचा आकडा सोपा दिसतो. गाडीभाडं, आजारपण, परीक्षेच्या दिवसांतला बाहेरचा चहा-नाश्ता त्यात नसतो. आणि घराची आठवण येणार, हे धरूनच चालावं. पहिल्या वर्षी मला बडोद्याच्या शेव-उसळीची आठवण येऊन मिसळीसमोर रडू यायचं. मेसमध्ये भाजीला 'शाक' म्हटलं की टेबल हसायचं. नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरच्या एका नागपूरच्या मुलीने मला रोज जेवायला सोबत न्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मी सावरले.

भाच्याला म्हटलं, तू जा, पण आधी इथल्या सयाजीराव विद्यापीठाचाही फॉर्म भर, आणि पुणं एकदा पावसात बघून ये. तो म्हणाला, "मावशी, तू येशील?"

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. ताईने बडोद्याचा लिलो चिवडा आणून ठेवलाय. बाबा फाइल लावतायत, या वेळी प्रत्येक दाखल्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून.