मकसूम आधी, कसब नंतर

अरबी ताल समूहाला शिकवायचे असतील तर सुरुवात मकसूमने करावी, हे माझं ठाम मत. आठ मात्रांचं आवर्तन: दुम तक – तक दुम – तक – (दुम म्हणजे खोल, घुमणारा ठोका; तक म्हणजे टोकदार; – म्हणजे रिकामी मात्रा). ठोके १, २, ४, ५ आणि ७ वर. चौथ्या मात्रेवरचा ‘तक’ काढून ‘दुम’ घेतला, की दक्षिण इजिप्तच्या काठीनृत्याचा सईदी होतो. चौथी तशीच ठेवून दुसरीवर ‘दुम’ घेतला, की बलदी. एकाच बोलाने एवढा फरक पडतो हे कानाला कळलं की पुढचं शिकवणं फार सोपं जातं.

वाद्य लगेच हातात देऊ नये. आधी पायाने १, ३, ५, ७ धरायला लावायचं आणि तोंडाने बोल म्हणून घ्यायचे. घाई हमखास तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर होते, कारण तिथे काही वाजत नाही. त्या रिकाम्या जागी सगळ्यांनी हलकेच ‘स्’ म्हणायचं. लय जागेवर येते.

दरबुका (पेल्याच्या आकाराचा अरबी ढोल) डाव्या मांडीवर आडवा धरतात. दुमसाठी चारही बोटं जुळवून पानावर (वाजवायच्या पडद्यावर), काठापासून थोडं आत मारायची आणि लगेच उचलायची. तक काठावर, बोटाच्या टोकाने. तबलावादकांचा हात इथे अडतो: डग्ग्याच्या सवयीने मनगट पानावर टेकतं आणि दुम गुदमरतो. समाई थकील या दुसऱ्या अरबी तालातही त्यांची गफलत होते. मात्रा दहाच, पण झपताल २-३-२-३ आणि समाई ३-२-२-३: दुम – – तक – दुम दुम तक – –.

रिक (झांजा लावलेली अरबी डफली) मात्र नवशिक्याला देऊ नये. पाच खाचांत झांजांच्या दहा जोड्या असतात. ते वजन पेलताना डावं मनगट थकतं आणि नको तिथे झांजा वाजतात. तख्तमध्ये, म्हणजे ऊद, कानून, नाय, व्हायोलिनच्या छोट्या मेळात, लय सांभाळण्याची जबाबदारी रिकवाल्याची. कैरोत जन्मलेले, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले तालवादक होसाम रॅम्झी यांनी पुढे इंग्लिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलसोबत वादन केलं. अशा संगीतात नाव कमवायचं असेल तर भरीचे तुकडे मागाहून; गायकाला निर्धास्त वाटेल असा साधा मकसूम आधी हवा.

शिबिराआधी दरबुक्याचे स्क्रू तपासा. काठावर सगळीकडे तक सारखा येत नसेल तर समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. एकच बाजू आवळली तर प्लास्टिकचं पान सुरकुततं.