जुन्या लॅपटॉपचं मॉडेल आणि बिघडलेला डिस्प्ले

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्क्रीन किंवा चार्जर घ्यायला जाण्याआधी लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल कागदावर लिहून न्या. झाकणावरचं 'इन्स्पिरॉन' किंवा 'पॅव्हिलियन' हे फक्त मालिकेचं नाव असतं, त्यावरून पार्ट मिळत नाही.

खालचं स्टिकर पाहा. ते पुसलं असेल आणि बॅटरी बाहेर निघणारी असेल, तर तिच्या खोबणीत दुसरं सापडू शकतं. डेलवर सर्व्हिस टॅग, म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून सात चिन्हांचा त्या लॅपटॉपचा ओळख क्रमांक असतो. लॅपटॉप सुरू होत असेल तर विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडा आणि 'सिस्टम मॉडेल' ही ओळ वाचा.

आता डिस्प्ले. विंडोज नव्याने टाकल्यावर अक्षरं मोठी, पसरट दिसतात आणि रिझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकतं, तेव्हा लोक स्क्रीनच बदलायला निघतात. थांबा! डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्प्ले नीट चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेला नाही. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, त्याच मॉडेलचा घ्या. रीस्टार्ट करून डिस्प्ले सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन निवडा, जुन्या १५.६ इंची पॅनलवर ते बहुधा १३६६×७६८ असतं. तिथलंच स्केल, म्हणजे अक्षरांचा आकार, १०० टक्के ठेवा.

स्क्रीन काळी दिसते, पण टॉर्च तिरपा मारल्यावर पुसट चित्र दिसतं? मग दोष बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याचा, सेटिंगचा नाही. पॅनल बदलावंच लागलं, तर त्याच्या पाठीवरचा नंबर आणि कनेक्टरच्या पिना जुळवा. ३० आणि ४० पिनांचे पॅनल एकमेकांच्या जागी चालत नाहीत.