विहिरीत पाणी आहे, मोटर ओढत नाही

"सिस्टर, आप्पांचं बीपी एवढं कमी आहे, मग सलाइन का नाही लावत?"

गेल्या आठवड्यात नाइटला होते तेव्हा निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलानं विचारलं. वडिलांना मोठा अटॅक. नाशिकला मुंबई नाक्यावर आमच्या हॉस्पिटलात आणेस्तोवर उशीर झालेला. बंद नस अँजिओप्लास्टीनं उघडली, तरी वरचं बीपी ७८. हातपाय गार, घामेजलेले. दोन तासांत लघवी जेमतेम २० मिली.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरचं माणूस विचारतं. जुलाब-उलट्यांच्या पेशंटला सलाइननं तरतरी येते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण इथे पाणी कमी नसतं, हृदयाला ते ढकलवत नसतं. वरून सलाइन ओतलं तर ते फुप्फुसात साचतं आणि धाप वाढते. मुलगा म्हणाला, "म्हणजे विहिरीत पाणी आहे, मोटर ओढत नाही." अगदी तेच.

मग त्याला सिरिंजमधलं औषध हळूहळू शिरेत सोडणारे दोन्ही पंप दाखवले. डोब्युटामिन हृदयाच्या ठोक्याला जोर देतं. नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनालिन) रक्तवाहिन्या आवळून दाब धरतं, म्हणून मेंदूला, किडनीला रक्त पोचतं. पण डोब्युटामिननं ठोके बिघडू शकतात आणि नॉरअ‍ॅड फार वाढवलं तर दमलेल्या हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त रेटावं लागतं. त्यामुळे वरच्या-खालच्या बीपीतून काढलेला सरासरी दाब ६५ च्या आसपास राखायचा, १२०/८० च्या मागे धावायचं नाही.

मी कामाला लागले तेव्हा बीपी वाढवायला हात आधी डोपामिन या औषधाकडे जायचा. २०१० साली १,६७९ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या हृदयामुळे शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे आप्पांसारखं बीपी कोसळलेल्या, २८० जणांत नॉरअ‍ॅडवाल्यांपेक्षा डोपामिनवाले जास्त दगावले होते. सवय मोडायला वेळ लागला, पण मोडली.

नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. नॉरअ‍ॅडचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरतो. सिरिंज संपल्यावर दुसरी भरायला घेतलीत, तर तेवढ्यात पेशंट हातचा जाईल. नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर चालू करा, मगच जुनी काढा.

पहाटे आप्पांचं वरचं बीपी ९६ झालं. "बरे झाले ना?" मुलानं विचारलं. म्हटलं, दादा, हे औषधानं धरलेलं बीपी आहे. औषध कमी करूनही टिकलं आणि लघवी वाढली, की हृदय सावरतंय असं समजायचं.

तिसऱ्या दिवशी नॉरअ‍ॅड बंद झालं. त्या रात्री मॉनिटरकडे न बघता तो दर तासाला एकच विचारत होता, "ताई, पिशवीत किती झालं?"