पस्तिशीनंतर संघ का बदलायचा?

पुण्यात आमच्या सायकल चालवणाऱ्यांच्या गटात युरोपातील शर्यतींविषयी मी जरा जास्तच बोलतो, त्यामुळे एक प्रश्न दर मोसमात माझ्याकडे येतो. ज्याने नाव कमावले, पैसा कमावला, असा सायकलपटू पस्तिशी उलटल्यावर जुना संघ सोडून नव्याची जर्सी का चढवतो? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते, आणि ते म्हणजे पैसा. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. पैसा हे उत्तर खोटे नाही, परंतु त्याने एकाच वयाच्या दोन माणसांच्या नशिबातला फरक उलगडत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत त्या फरकातच आहे.

ती दोन माणसे म्हणजे ख्रिस फ्रूम आणि मार्क कॅव्हेंडिश. फ्रूमचा जन्म 20 मे 1985 रोजी नैरोबीत झाला आणि कॅव्हेंडिशचा दुसऱ्याच दिवशी आयल ऑफ मॅन या बेटावर. 2012 मध्ये दोघे स्काय या ब्रिटिश संघात एकत्र होते. 2021 च्या जानेवारीत, पस्तिशीचे असताना, दोघांनीही नवा संघ धरला. टूर द फ्रान्स, म्हणजे तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी सर्वांत मोठी शर्यत, फ्रूमने चार वेळा जिंकली होती. 2019 च्या जूनमध्ये फ्रान्समधील रोआन गावात टाइम ट्रायलच्या (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्याच्या) मार्गाची पाहणी करताना तो भिंतीवर आदळला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. पुढच्या वर्षी त्याचा इस्रायल स्टार्ट-अप नेशन संघाशी दीर्घ मुदतीचा करार जाहीर झाला, आणि त्यानंतर जुन्या संघाने त्याला टूरसाठी निवडले नाही. कॅव्हेंडिशच्या खात्यावर टूरमधील 30 टप्पे होते, पण फेब्रुवारी 2018 नंतर त्याने एकही शर्यत जिंकलेली नव्हती. मधल्या काळात एप्स्टाइन-बार विषाणूने त्याची ताकद खाल्ली होती. 2020 मध्ये तो आपले जुने प्रशिक्षक रॉड एलिंगवर्थ यांच्यामागे बहारीनच्या संघात गेला, ते वर्ष कोरोनात वाहून गेले, आणि ऑक्टोबरमध्ये एका शर्यतीनंतर ही आपली शेवटची शर्यत ठरेल की काय, असे तो रडत रडत म्हणाला. त्याला कोणी दीर्घ करार देण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर बेल्जियमच्या क्विक-स्टेप संघाचे प्रमुख पात्रिक लेफेव्हेअर यांनी एका वर्षासाठी, अगदी कमी पगारावर, त्याला परत घेतले.

पैशाच्या हिशेबाने पाहिले तर फ्रूमचा सौदा चोख होता. 2021 पासूनच्या पाच वर्षांत नव्या संघासाठी त्याला एकही विजय मिळवता आला नाही. 2022 मध्ये आल्प द्यूएझच्या घाटावर तो तिसरा आला, तो त्या काळातला त्याचा सर्वांत मोठा दिवस. 2023 मध्ये तर त्याच्याच संघाने त्याला टूरला नेले नाही. इकडे कॅव्हेंडिशने 2021 च्या एप्रिलमध्ये टूर ऑफ टर्कीत चार टप्पे जिंकले, संघाचा मुख्य स्प्रिंटर (सपाटीवर शेवटच्या क्षणी वेगाने झेपावणारा) सॅम बेनेट गुडघ्याच्या दुखण्याने बाजूला पडल्यावर त्याला ऐनवेळी टूरमध्ये घेण्यात आले, आणि तिथेही चार टप्पे व गुणांच्या स्पर्धेतली हिरवी जर्सी मिळवून त्याने बेल्जियमचे जुने दिग्गज एडी मर्क्स यांच्या टूरमधील सर्वाधिक, 34 टप्प्यांच्या विक्रमाशी बरोबरी साधली.

एकाने मेहनत केली आणि दुसऱ्याने केली नाही, असे याचे स्पष्टीकरण देणाऱ्यांशी मी वाद घालतो. फ्रूमचे शरीर जोडून उभे केलेले होते, हे तर आहेच. पण दुखापत क्षणभर बाजूला ठेवली तरी दोघांच्या कामातच मूलभूत फरक आहे. घाटावर टूर जिंकायची, तर शेवटची तीस-चाळीस मिनिटे स्वतःच्या फुप्फुसांवर काढावी लागतात. चढावर वेग कमी असल्याने वाऱ्याचा आडोसा फारसा कामाला येत नाही, त्यामुळे सहकारी कितीही चांगले असले तरी शेवटी ते बाजूला होतात आणि माणूस उरतो तो स्वतःच्या ताकदीपुरता. सपाटीवरच्या स्प्रिंटरचे तसे नसते. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यातच जाते. म्हणून सहकारी त्याला तासन् तास आडोशात ठेवतात, शेवटच्या काही किलोमीटरमध्ये एकामागून एक पुढे येऊन वेग चढवतात, आणि तो स्वतः उघड्यावर येतो तो अखेरच्या दोनेकशे मीटरमध्ये. वयाने दमसास कमी होतो, पण ते दहा-बारा सेकंद आणि गर्दीतली फट हेरण्याची नजर पुष्कळ काळ टिकते. स्प्रिंटरला नव्या संघाकडून जे हवे असते ते खरोखरच दुसऱ्याकडून मिळू शकते. घाटावरच्या नायकाला हवे असते ते नाही.

2021 च्या कार्कासोनच्या टप्प्याचा निकाल पाहिला की हे चटकन पटते. कॅव्हेंडिश पहिला आला आणि त्याला शेवटपर्यंत आडोसा देत पुढे असलेला सहकारी मिखाएल मर्कव दुसरा. ज्याचे काम दुसऱ्याला पुढे घालून थांबायचे, तोच दुसरा येतो, यावरून सहकाऱ्यांच्या त्या रांगेचा वेग काय असेल ते समजावे.

आपल्याकडे कोणी क्रिकेटपटू वासिम जाफर यांचे उदाहरण देतो. ते मुंबई सोडून विदर्भाकडे गेले आणि विदर्भाने 2017-18 व 2018-19 असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. उदाहरण सुंदर आहे, पण खेळपट्टीवर धावा जाफर यांच्या स्वतःच्याच बॅटमधून यायच्या. सायकलमध्ये संघ बदलणे म्हणजे पुढची चार चाके बदलणे.

दुसरी गोष्ट निवडीची. टूरमध्ये कोणी स्वतःहून नाव नोंदवू शकत नाही. संघाला जागा मिळते आणि संघ आठ जण निवडतो. क्विक-स्टेपने 2022 मध्ये तरुण फाबियो याकोब्सनला नेले आणि विक्रमाच्या बरोबरीवर उभा असलेला कॅव्हेंडिश घरी राहिला. लेफेव्हेअर यांची निवड मला तेव्हाही चुकीची वाटली नाही, आजही वाटत नाही. याकोब्सनने दुसराच टप्पा जिंकला. वर्षअखेरीस कॅव्हेंडिश ज्या फ्रेंच संघात जाणार अशी चर्चा होती, तो पैसे न जमल्याने बंदच पडला. जानेवारी 2023 मध्ये त्याने अस्ताना या कझाक संघाशी करार केला, तो मुख्यतः टूरची जागा मिळावी म्हणून. त्या वर्षी बोर्दोत तो दुसरा आला आणि दुसऱ्याच दिवशी पडून त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. निवृत्ती जाहीर झालेली असूनही तो आणखी एक वर्ष थांबला.

आणि मग अस्तानाने जे केले ते मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी कॅव्हेंडिशला ठेवलेच, शिवाय त्याच्या भोवतीची माणसे गोळा केली. मर्कव आला, क्विक-स्टेपमधील प्रशिक्षक वासिलिस अनास्तोपुलोस आले, जुना सहकारी मार्क रेनशॉ सल्लागार म्हणून सोबत होताच. संघ गुणतक्त्यात तळाकडे असताना एका एकोणचाळीस वर्षांच्या माणसासाठी हा खर्च करणे हा जुगार होता. 2024 च्या टूरच्या पहिल्याच दिवशी, फ्लॉरेन्स ते रिमिनीच्या वाटेवर, उन्हाने त्याला उलट्या झाल्या आणि तो सुरुवातीलाच मागे पडला. वेळेची मर्यादा चुकली असती तर शर्यत तिथेच संपली असती. सहकारी त्याच्यासाठी मागे थांबले आणि त्याला पोहोचवले. पाचव्या टप्प्यात, 3 जुलै रोजी, सँ-व्युल्बास येथे त्याने 35 वा विजय मिळवला. बातम्यांत तो एकट्याचा विक्रम म्हणून छापला गेला. मी त्यात रिमिनीची वाटही मोजतो.

बेल्जियमचा फिलिप जिल्बेर या दोघांच्या मधला. 2017 मध्ये, चौतिशीत, तो क्विक-स्टेपकडे एका वर्षाच्या करारावर गेला आणि त्याच वसंतात सुमारे 55 किलोमीटर एकटा पुढे राहून टूर ऑफ फ्लँडर्स जिंकला. पाय त्याचेच होते. पण मागच्या घोळक्यात त्याचे तगडे सहकारी होते, आणि त्यांना पाठलागाला हातभार लावण्याची गरज नव्हती. 2019 मध्ये त्याने पॅरिस-रुबेही जिंकली. त्यानंतर तो तीन वर्षांच्या करारावर जुन्या लोटो संघाकडे परतला. पाच सर्वांत मोठ्या, एका दिवसाच्या अभिजात शर्यतींपैकी मिलान-सान रेमो तेवढी त्याची राहिली होती, ती राहिलीच. शेवटच्या वर्षी डंकर्कची शर्यत त्याने जिंकली, आणि त्याच वर्षअखेरीस लोटो संघ गुण कमी पडल्याने वर्ल्डटूर या सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला. संघाने त्या तीन वर्षांचे पैसे एखाद्या गुण जमवणाऱ्या तरुणावर लावायला हवे होते, असे म्हणणारे मला भेटतात, आणि त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नाही.