हाताखाली झाकलेला कोपरा

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा वर्गमैत्रिणीचा फोन आला आणि डोळ्यांसमोर आली ती पहिल्या मजल्यावरची चित्रकलेची खोली. पश्चिमेला दोन खिडक्या, खाली सुरूचं बन आणि खोडाखोडांमधून दिसणारा समुद्र. मी १९८३ च्या दहावीच्या बॅचची. शाळेत गणित, इंग्रजी, मराठी ज्यांनी शिकवलं त्या सगळ्यांचं ऋण मनात आहे. पण ज्या रेषेवर मी आयुष्यभर पोट भरलं आणि आजही जिच्या सोबतीला रोज संध्याकाळी बसते, ती मला त्या खोलीत भेटली. म्हणून लिहिणार आहे ते तेवढ्यापुरतंच.

१९८१ साल. आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्याच वर्षी. मी नववीत होते. आठवीत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली होती, आता पुढच्या इंटरमिजिएटची तयारी. शाळा सुटल्यावर चित्रकलेचे सर आम्हा अकरा जणांना थांबवून घ्यायचे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, भूमिती, सगळ्यांचे वार ठरलेले. शनिवारी सकाळची शाळा असायची, त्यामुळे दुपार मोकळी. ती दुपार संकल्पचित्राची, म्हणजे डिझाइनची.

एका शनिवारी सरांनी रंगांच्या बाटल्या कपाटात परत ठेवायला लावल्या. समोर पाव इम्पिरियल, म्हणजे मोठ्या ड्रॉइंग शीटचा चौथा भाग असलेला कागद, एचबी पेन्सिल आणि फूटपट्टी. म्हणाले, "वीस सरळ रेषा काढा. पान नको, फूल नको, घर नको, कशासारखंही दिसायला नको. आणि वीस रेषांचं मिळून एक चित्र व्हायला हवं."

हे शेवटचं वाक्य आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मी कागदभर रेषा पसरल्या. कुठे जागा रिकामी राहू नये, एवढी एकच काळजी घेतली. सर येऊन माझ्या मागे उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढे वाकून त्यांनी डावा तळहात कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवला. हाताखाली माझ्या सहा रेषा गेल्या.

"आता चित्राला कुठे काही दुखतंय का बघ."

मी बघितलं. "नाही सर."

"मग त्या सहा रेषा चित्रात नव्हत्याच. कागदावर होत्या, एवढंच."

एकता, तोल, लय, पुनरावृत्ती, विरोध, प्राबल्य हे शब्द आम्हाला पाठ होते. फळ्याच्या डाव्या बाजूला ते कायम लिहिलेले असत आणि आम्ही ते म्हणूनही दाखवत असू. पण एकता म्हणजे काय हे मला त्या तळहाताने शिकवलं. पुढे मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कितीतरी चित्रांवर हात ठेवून पाहिला. पानाफुलांचं चित्र असेल तर डोळा आपणहून जोडून घेतो, कारण देठ कुठे आणि पाकळी कुठे हे त्याला ठाऊक असतं. नुसत्या रेषांना असा आधार नसतो. त्यांनी एकमेकींना धरून ठेवलं तरच त्या चित्र होतात.

सरांची आणखी एक रीत होती. विद्यार्थ्याच्या कागदावर ते पेन्सिल टेकवत नसत. कपाटात काळ्या शिवणदोऱ्याचं एक रीळ असायचं. त्यातला वीतभर दोरा तोडून ते कागदावर ताणून धरायचे, सरकवायचे, तिरका करायचे, आणि म्हणायचे, "इथे असती तर?" मग दोरा उचलून घ्यायचे. रेषा काढायची की नाही, ते आमचं आम्ही ठरवायचं. एकदा माझ्या कागदावर डावीकडे दाट रेषांचा एक झुबका झाला होता आणि उजवी बाजू ओस पडली होती. मला वाटलं, उजवीकडेही तेवढ्याच रेषा हव्यात. सरांनी उजव्या कडेला एकच दोरा उभा धरला. पूर्ण उंचीचा, एकटा. झुबक्याचं वजन त्या एका रेषेने पेललं. तराजूत एका पारड्यात भाजी आणि दुसऱ्यात लोखंडी वजन असतं, तसं.

मुलींना ते रांगोळीची आठवण द्यायचे. "घरी रोज ठिपक्यांची काढता ना? त्या रेषा एवढ्या नीट का बसतात?" ठिपक्यांमुळे, हे कुणीही सांगितलं असतं. सर म्हणायचे, "आता ठिपके पुसून टाका, पण विसरू नका." मग आम्ही कागदावर अगदी फिकट ठिपके घ्यायचो, त्यांच्या आधाराने रेषा काढायचो आणि शेवटी खोडरबराने ठिपके पुसायचो. जाळी दिसेनाशी व्हायची, पण तिने लावलेली शिस्त रेषांमध्ये उरायची. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात आईच्या शेजारी बसून मी तिच्या रांगोळीकडे पहिल्यांदा या नजरेने पाहिलं. ती ठिपके टाकताना कधीच मोजत नसे. बोटांनाच अंतर माहीत होतं.

ओहोटीच्या वेळी सर आम्हाला समुद्रावर न्यायचे. वही न्यायची नाही, अशी ताकीद. वाळूवर लाटा मागे सरताना ज्या रेघा उमटवतात, त्या आम्ही आकडे लावून बघायचो. कुठलीही रेघ दुसरीसारखी नसायची. कुठे शिंपल्यापाशी ती फाटायची, कुठे खेकड्याच्या बिळाला वळसा घालायची. तरी सगळ्या मिळून एकच वाटायच्या. सर म्हणायचे, "सगळ्या एकाच उतारावरून आल्यात." परत येताना सुरूच्या बनात थांबवायचे. "खोडं बघू नका. खोडांमधली जागा बघा." हे जमायला मला दोन वर्षं लागली. एकदा जमलं आणि मग कागदावरचा पांढरा भाग मला मोकळा दिसेना. दोन रेषांमधली जागा हीसुद्धा आपणच काढतो. तिचा आकार बिघडला तर रेषा कितीही सुबक असो, चित्र फाटतं.

इंटरमिजिएटला मला बी ग्रेड मिळाली.

दहावीनंतर आयटीआयला आरेखक स्थापत्य, म्हणजे इमारतींचे नकाशे काढण्याचा ट्रेड केला आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि ठरावीक जाडीची रेषा काढणारी रोट्रिंगची पेनं. शाई सांडली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, कागद फाटू न देता. पहिल्याच महिन्यात मी एका बंगल्याचा प्लॅन सगळा एकाच जाडीत काढला. भिंत, दार, खाट, फरशी, सगळं ०.४ मिलिमीटरच्या पेनने. मोजमाप एकूण एक बरोबर, पण नकाशाची अमोनिया प्रिंट, म्हणजे छापील प्रत निघाली तेव्हा घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे मलाच सापडेना. रात्री बसून पुन्हा काढला. कापलेली भिंत ०.८, दारं-खिडक्या ०.४, आतलं सामान ०.२. घर कागदावरून उठून उभं राहिलं. फळ्यावरच्या 'प्राबल्य' या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला. एक कुणीतरी पुढे व्हावं लागतं, म्हणजे बाकीच्यांना आपली जागा मिळते.

उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर मी घरी माझ्या रेषा काढायला लागले, त्या आजतागायत. एका चित्राचं सांगते. खाली डावीकडे सतरा आडव्या रेषा होत्या. पहिल्या दोन रेषांमध्ये २ मिलिमीटर अंतर, पुढचं प्रत्येक अंतर अर्ध्या मिलिमीटरने जास्त, म्हणजे शेवटचं ९.५. वर उजवीकडे साठ अंशांच्या पाच तिरक्या रेषा. दोन्ही भाग वेगवेगळे चांगले होते, पण एका कागदावर दोन चित्रं झाली होती. हात ठेवून पाहिला, कुणालाच काही दुखत नव्हतं. आठवडाभर भिंतीला लावून ठेवलं. मग आधी तिरक्या रेषांमधली अंतरं त्याच सतरांच्या मापातून घेतली. नंतर आडव्यांपैकी अकरावी रेषा एकटीच पुढे नेली, पहिल्या तिरक्या रेषेच्या पायापर्यंत, आणि ३ मिलिमीटर अलीकडे थांबवली. टेकवली असती तर नुसता सांधा झाला असता. त्या तीन मिलिमीटरवरून डोळा स्वतः उडी मारतो, आणि ती उडी दोन्ही भागांना जोडते. माझ्या मते रेषाचित्रात जोडण्यापेक्षा जोडता जोडता थांबणं जास्त बळाचं असतं. शिवाय सगळं सारखं करून चित्र एक होत नाही. चाररेघी वहीतसुद्धा सगळ्या रेघा एकीने असतात, पण ते पान बघायला कुणी थांबत नाही.

पुष्कळ वर्षांनी बडोद्याला नातेवाइकांकडे एका कॅटलॉगमध्ये चित्रकार नसरीन मोहमदी यांची रेखाचित्रं पाहिली आणि पान उलटवेना. पेन्सिल, शाई आणि आरेखकाची अवजारं, म्हणजे माझ्याच टेबलावरची. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत जाळ्या आहेत, पुढे जाळी सुटत जाते आणि तिरक्या रेषा कोऱ्या कागदावर अधांतरी तरंगतात. ठिपके पुसून टाका पण विसरू नका, हे मला तिथे दिसलं. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या या बाई १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात ललित कला शाखेत शिकवत होत्या. आजाराने हातापायांवरचा ताबा सुटत गेला, तरी कागदावरची रेषा सुटली नाही. चित्रांना त्या सहसा नाव देत नसत, तारीखही घालत नसत. आणि १९९० साली त्यांचं निधन झालं ते किहीमला. आपल्या अलिबाग तालुक्यात! ज्या किनाऱ्यावर आम्ही ओहोटीच्या रेघा मोजत होतो, त्याच किनाऱ्याच्या वरच्या अंगाला. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सरांना हे सांगायला हवं होतं. तोवर सर गेले होते.

सरांच्या मागे काय उभं होतं, हेही मला उशिरा कळलं. रेषा म्हणजे फिरायला निघालेला बिंदू, असं ते आम्हाला नेहमी सांगायचे. ही कल्पना चित्रकार पाउल क्ले यांची. ते जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत १९२१ पासून दहा वर्षं शिकवत होते. सरांनी ते नाव आमच्यापुढे कधी घेतलं नाही. समुद्रकाठच्या एका शाळेतल्या अकरा मुलांपर्यंत त्यांनी ती गोष्ट दोऱ्याच्या रिळातून पोहोचवली.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी मी एक रेषाचित्र द्यायचं कबूल केलं आहे. पाव इम्पिरियलच घेतला आहे. खोडांसारख्या उभ्या रेषा, त्यांना छेदणाऱ्या ओहोटीच्या उताराच्या, आणि एक जाड. उजवा खालचा कोपरा तेवढा मोकळा राहिला होता. परवापासून तिथे काळा दोरा ठेवला होता. कधी आडवा केला, कधी तिरका. आज सकाळी दोरा उचलला आणि त्या मोकळ्या कोपऱ्यावर तळहात ठेवून पाहिला. वरच्या सगळ्या रेषा एकदम कोंडल्यासारख्या झाल्या. हात काढला, आणि तो कोपरा तसाच ठेवला आहे.