तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हेच का देत नाही?’

गुरांच्या शेणात असे जिवाणू सापडतात जे दुसऱ्या जिवाणूंना मारतात, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग अँटिबायोटिक कशाला? हेच द्या की!” नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात. मुंबईत आरेतल्या तबेल्यात नमुने घ्यायला गेले की धार काढता काढता तिथली माणसंही विचारतात. आजवर वेळ मारून नेली. आता एकदा सांगूनच टाकते.

मारतात, हे खरंच आहे. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचा एक वाण दुसऱ्याला मारतो, हे आंद्रे ग्रातिया यांनी १९२५ साली दाखवलं. त्या विषाला आपण कोलिसिन म्हणतो. प्लेटवर शेणातल्या जिवाणूचा ठिपका वाढवायचा, क्लोरोफॉर्मच्या वाफेने तो मारायचा आणि वरून दुसरा जिवाणू कालवलेला पातळ अगार, म्हणजे जिवाणू वाढवायची जेली, ओतायचा. दुसऱ्या दिवशी सगळी प्लेट गढूळ आणि ठिपक्याभोवती आरपार दिसणारं कडं, म्हणजे तिथे दुसरा वाढलेलाच नाही. ते कडं पाहिलं की मी आजही हातातलं काम सोडते.

पण हे विष सोडायला त्या जिवाणूला बहुतेकदा स्वतः फुटून मरावं लागतं. आणि ते मारतं फक्त जवळच्या भाऊबंदांना. काही कोलिसिनं तर समोरच्याच्या बी-१२ जीवनसत्त्व आत घेणाऱ्या दारातूनच शिरतात. ते दार नसेल तर काही होत नाही. पोटातले बाकीचे उपयोगी जिवाणू वाचतात ते यामुळेच, आणि माझी पंचाईत होते तीही यामुळेच.

एका पावसाळ्यात तबेल्यातली एक पारडी हगवणीने आडवी झाली होती. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. डोळे खोल गेलेले, कान गार. डॉक्टर सलाईन लावत होते. तबेल्यातल्या काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या बाटलीतलं घाला ना हिच्या तोंडात. नाहीतरी चाललीच आहे.”

मी नाही म्हटलं. हगवण रोटाव्हायरसची असेल, क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची असेल, तर कोलिसिनचा उपयोग शून्य. ते प्रथिन आहे, पाचकरस त्याचे तुकडे करतात. जिवंत जिवाणूच पाजावा, तर त्याचा प्लास्मिड, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा डीएनएचा तुकडा, पोटात आणखी कुणाला काय देऊन बसेल याची खात्री नव्हती. काकींना यातलं मी काहीच सांगितलं नाही. फक्त “चालत नाही” म्हटलं. पारडी पहाटे गेली.

तिच्या शेणातून वाढवलेल्या ई. कोलायवर नंतर आमचं विष लावून पाहिलं. कडं उमटलं. मोठं, स्वच्छ.

आता तुम्ही म्हणाल, बघा, वाचली असती. नोकरीला लागले तेव्हाची मीही हेच म्हणाले असते, आणि पुरावाही दिला असता: अमेरिकेत दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना खाद्यातून कोलिसिन ई१ दिलं तेव्हा हगवण कमी झाली होती. तेव्हाच्या त्या मुलीला माझं उत्तर असं, की निरोगी पारडीच्या शेणातही ई. कोलाय असतोच. तो मेला म्हणजे आजार गेला असं होत नाही. यावर ती विचारते, मरणाऱ्या जनावराचं आणखी काय बिघडणार होतं? त्या पारडीपुरतं काहीच नाही. पण शेजारी बांधलेल्यांचं, आणि ज्यांच्या घरी ते दूध जातं त्यांचं?

खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन (हे कोलिसिन नव्हे, अँटिबायोटिक) देण्यावर आपल्याकडे २०१९ साली बंदी आली. ती योग्यच आहे, आणि म्हणूनच पर्याय हवा, अशी घाई मलाही आहे. पण दुधातल्या जिवाणूचं निसिन, असंच जिवाणू मारणारं प्रथिन, १९२८ साली लक्षात आलं आणि अमेरिकेत अन्नात वापरायला मान्यता मिळाली १९८८ साली. इतकी वर्षं लागू नयेत, पण तपासणी वगळून चालणार नाही.

म्हणून शुद्ध केलेलं प्रथिन, आधी निरोगी पारड्यांवर, रीतसर परवानगीने. तोवर जन्मल्याबरोबर पोटभर चीक आणि हगवण लागताच क्षार-पाणी. काकींना हे पटलेलं नाही. मला बहुतेक दिवशी पटतं.