कॉर्नरवर गोल खाल्ला की शिव्या कीपरलाच का?

आज संध्याकाळी होम मैदानावर पोरांची फुटबॉल मॅच बघितली, दोन्ही गोल कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवरून खाल्ले आणि मॅच संपल्या संपल्या सगळे त्या कीपर पोरावर तुटून पडले, 'बाहेर का नाही आलास बे' म्हणून. लई वाईट वाटलं. अरे पहिल्या कॉर्नरला समोरच्यांचा एक जण त्याच्या अगदी पुढ्यात चिकटून उभा, ह्याला हलायला जागा नाही, आणि ज्यानं हेडर मारला त्याला धरायचं काम असलेला आपला डिफेंडर वर बॉलकडं बघत जागच्या जागी! ७.३२ मीटर रुंद गोल, चार-पाच मीटरवरून हेडर, हात उचलेपर्यंत बॉल जाळ्यात.

दुसरा मात्र त्याचाच. बॉल गोलपुढच्या सहा यार्डाच्या चौकटीत तरंगत आलता, तिथं कीपरनं ओरडून यायचं आणि बॉल मुठीनं लांब ठोसायचा. २००२ च्या वर्ल्डकपमधे ब्राझीलच्या रोनाल्डिन्योची फ्रीकिक इंग्लंडचा कीपर सीमनच्या डोक्यावरून गेली, सीमन पुढं सरकलेला सापडला, तिथं कीपरला बोला की. पण कोण कुणाला मार्क करणार, म्हणजे कुणाला चिकटून अडवणार, हे आज ठरलंच नव्हतं, त्याचं काय? कोचनं आता आठवडाभर कॉर्नरचीच प्रॅक्टिस घ्यावी, अकराच्या अकरा जणांची.